लांब दांड्याचा विळा आणि गेनभाऊ

गेनभाऊ कशाकशाला भितात, याची मी एकदा यादी केली होती. याद्या करणं हा माझा स्वभावच आहे. शेडमधल्या मालाची, गाडीत चढलेल्या खोक्यांची, घरातल्या औषधांची. तर त्या यादीत होतं: वारा नसताना हललेला ऊस. भुंकता भुंकता मध्येच गप्प झालेलं कुत्रं. कागदाच्या डोक्यावरचा 'तातडीचे' हा शब्द. कोरा सोडलेला रकाना. न बघता केलेली सही. अठरा झाल्या आणि मी वही मिटली, कारण एकोणिसावी त्यांनीच सांगितली.

"आन् बाई, यादी करनाऱ्या मानसालाबी मी भितो. उद्या माझंच नाव निघंल तिच्यात."

राजुरीत आमची शेतीच्या अवजारांची शेड आहे. आमची म्हणजे सुदामशेठची. मी तिथे कागदपत्रं बघते. खुरपी, विळे, कोयते, द्राक्षाच्या कात्र्या असा माल. निम्मा आसपासच्या बाजारांत जातो, निम्मा परदेशात. परदेशात पाठवायचा तर प्रत्येक वस्तूपुढे एक नंबर लिहावा लागतो. जगातल्या बहुतेक देशांनी मिळून एक जाडजूड पुस्तक मान्य केलं आहे. सुईपासून जहाजापर्यंत सगळ्याला त्यात नंबर आहे. त्या नंबरावरून कर ठरतो, आणि वस्तू पाठवायला वेगळी परवानगी लागते का, तेही. हाताच्या अवजारांचं प्रकरण ब्याऐंशीवं. त्यात शेतीची अवजारं पहिल्या घरात, हातोडे पाचव्या, सुऱ्या अकराव्या. वाचताना वाटतं, यात अवघड ते काय? विळा म्हणजे विळा. मलाही पहिले सहा महिने असंच वाटायचं.

गेनभाऊ लोणीचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बंदरावर एका दलालाच्या कचेरीत नंबर लावण्यात घालवली. निवृत्त होऊन गावी आले आणि शेठने त्यांना गाठलं. आठवड्यातून दोन दिवस, दोन गाड्या बदलून यायचे. अंगाने काटकुळे, डोक्याला टोपी, खांद्याला रेक्झिनची पिशवी. पिशवीत ते पुस्तक. पानं सुटलेली, म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून बांधलेलं. फाट्यावर उतरलं की शेडपर्यंत दहा मिनिटांची वाट आणि दोन्ही अंगांना ऊस. त्या वाटेने ते मोठमोठ्याने बोलत यायचे. बरोबर कुणी नसायचं. पुस्तकातलंच म्हणत यायचे, "कुदळी, टिकाव, फावडी, दाताळी..." उसातून असा आवाज आला की हिराबाई हातातलं खोकं खाली ठेवायची.

"आले बघा ताई, गेनभाऊ. वाघराला पाढे शिकवीत."

हिराबाई पिंपळवंडीची. आमच्याकडे माल बांधायचं काम करते. तोंडाने फटकळ, पण खोकं तिने बांधलं की जहाज हललं तरी आतली वस्तू हलायची नाही. वाघरू म्हणजे बिबट्या. त्याच्याबद्दल इथल्या माणसाला काही सांगावं लागत नाही. दुसरीकडे पाऊसपाणी विचारतात, तसं आमच्याकडे सकाळी भेटलं की विचारतात, "काल कुठं दिसला?" उसातच जन्मतो, उसातच वाढतो. उभ्या माणसावर सहसा येत नाही. वाकलेल्या, बसलेल्यावर येतो. त्याला वाटतं, एखादं जनावरच आहे. म्हणून आमच्या बायका हल्ली खुरपायला बसतात तेव्हा एकजण नुसती उभी असते.

आणि गेनभाऊंची पद्धत अशी, की अवजार स्वतःच्या हाताने वापरल्याशिवाय त्याचा नंबर लिहायचा नाही. फोटोवरून नाही, शेठच्या सांगण्यावरून नाही, मागच्या वर्षीच्या कागदावरूनही नाही. खुरप्याची नवी घडण आली की शेडच्या मागच्या तुकड्यात जाऊन बसायचं आणि खुरपायचं. पहिल्यांदा त्यांनी मला बरोबर नेलं तेव्हा मला वाटलं, काही लिहून घ्यायचं असेल. वही घेऊन गेले.

"वही ऱ्हाऊ द्या. तुमी फकस्त उभ्या ऱ्हा. त्या उसाकडं बघा. माझ्याकडं बघू नका."

ते उकिडवे बसले. एक हात मातीत, डोळे उसात. घाम हनुवटीवरून खुरप्यावर पडत होता. ऊस जरा सळसळला की अर्धे उठायचे, परत बसायचे. पूर्ण एक वाफा खुरपून काढला. अर्ध्यात सोडलं असतं तर कुणाला कळणार होतं? मीच म्हणाले, "गेनभाऊ, पुरे की. खुरपंच आहे ते."

"वाफा संपल्याबिगर हाताला कळत न्हाई बाई. आन् हाताला कळल्याबिगर लिवायचं म्हंजे..." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, कारण उसातून मांजर बाहेर आलं आणि गेनभाऊ माझ्या मागे जाऊन उभे राहिले. खुरपं मात्र सोडलं नव्हतं.

कात्रीचं तर शेठ अजून सांगतो. द्राक्षाच्या छाटणीची कात्री आम्ही नवीन काढली होती. पुस्तकात एका हाताने चालवायच्या कात्रीला एक नंबर, दोन हातांच्या कात्रीला दुसरा. शेठने गेनभाऊंसमोर एका हाताने फांदी उडवून दाखवली. "एक हात. लिवा."

गेनभाऊंनी कात्री घेऊन हिराबाईला दिली. तिने एका हाताने दाबली, दबेना. शेवटी दोन्ही हातांनी दाबली तेव्हा फांदी तुटली.

"स्प्रिंग हाय का दरवाजाची कडी?" हिराबाई म्हणाली. "शेठ, तुमी पैलवान. छाटायला बाया जात्यात."

शेठ म्हणाला, कात्री एका हाताचीच घडवली आहे, बाईच्या हातात जोर नाही तो काय कात्रीचा दोष? गेनभाऊ वाद घालत नसत. त्यांनी कात्री पिशवीत टाकली आणि मिस्त्रीकडे जाऊन बसले. चार वेळा स्प्रिंग बदलून घेतली. हिराबाईच्या एका हाताने फांदी सहज तुटली, मग नंबर लिहिला. कात्री खरोखर सुधारली होती. पण गेनभाऊंना त्याचं काही नव्हतं; ते रकान्याकडे बघत होते.

इतकी भीती कशाची, हे मी एकदाच विचारलं. डबा खाताना. त्यांनी भाकरी खाली ठेवली.

"बंदरावर नवा व्हतो तवा एक नंबर मी फोटू बघून लावला. बागेच्या कात्र्या म्हनून. खोक्यात निघाल्या शिंप्याच्या. शिंप्याच्या कात्रीचं घर निराळं. सही आमच्या साहेबांची, इस्वास माझ्यावर ठिवून केलेली. पाच वर्षं चौकशीच्या फेऱ्या मारत व्हते ते. माझं नाव त्यांनी कुठंच घेतलं न्हाई." मग म्हणाले, "मीबी सांगितलं न्हाई."

त्यानंतर त्यांनी डबा झाकला. मीही पुन्हा कधी विचारलं नाही.

लांब दांड्याच्या विळ्याची गोष्ट दिवाळीनंतरची. हिराबाईची जाऊ गिन्नी गवत कापताना वाकली होती. बिबट्याने मागून खांदा धरला. वाचली ती, पण तो हात अजून वर जात नाही. हिराबाई चार दिवसांनी कामावर आली ती थेट शेठच्या टेबलापाशी.

"उभ्यानं कापता यील असा विळा काढा. दांडा माझ्या छातीइतका. आन् दांड्याच्या बुडाला टोक लावा लोखंडाचं."

शेठ व्यापारी असला तरी माणूस बरा. पंधरा दिवसांत विळा तयार झाला. त्याच्याबरोबर द्यायला एक पत्रकही छापलं. ते मीच लिहिलं, अर्थातच यादी करून: एक, वाकू नये. दोन, एकटीने जाऊ नये. तीन, फोनवर गाणी लावून ठेवावीत. चार, बिबट्या समोर आल्यास पळू नये, टोक त्याच्याकडे रोखून उभे राहावे. शेजारी बाईचं चित्र. विळे हातोहात गेले. मग आखातातल्या एका व्यापाऱ्याने शेठकडे तो विळा बघितला आणि मोठी मागणी दिली. तिकडे खजुराच्या बागांत गवत उभ्याने कापायला बरा पडेल म्हणाला. आहे तसाच पाठवा, टोकासकट.

गेनभाऊ आले. विळा घेऊन शेडमागे गेले, उभ्याने गवत कापलं, मी उसाकडे बघत उभी. परत आले, विळा उलटा केला आणि टोकावर अंगठा ठेवला.

"हे कशाला?"

"माती उकरायला," शेठ म्हणाला.

"वाघरासाठी हाय ते," हिराबाई मागून म्हणाली. "माती उकरायला आमाला नखं हायती."

"मग मी माती लिवनार न्हाई," गेनभाऊ म्हणाले. "टोक काढा शेठ. टोकाबिगर हा विळा हाय. ब्याऐंशी शून्य एक, आत्ता लिवतो. टोकासकट धाडायचा तर आधी कस्टमला लेखी इचारू. उत्तर यिऊ द्या."

"उत्तर कवा येनार? बोट गुरुवारी सुटती!"

"त्र्याण्णवाव्या प्रकरनात भाले हायत. तलवारी, भाले, संगिनी. आपला इळा तिथं गेला तर इनापरवाना शस्त्रं धाडली असं व्हतं. धरून नेत्यात, शेठ."

"गेनभाऊ, तुमी लई भित्रे राव."

"हायच. त्याचाच तर पगार देता तुमी मला."

त्या दिवशी ते नंबर न लिहिताच गेले. एसटीची वेळ झाली होती. बुधवारी शेठने कागद माझ्यापुढे सरकवला. "ताई, तुमीच लिवा आता." पाठवणाऱ्याच्या वतीने सही करायचा अधिकार माझ्या नावावर होताच. मी लिहिलं: गवत कापण्याचा विळा, दांड्याच्या टोकास माती उकरण्याची सोय. आणि खाली सही केली. कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात गेनभाऊंनी तो कागद वाचला. रागावले नाहीत. टोपी काढून खुर्चीवर बसले.

"खोक्यात दुसरं काय न्हाई ना गेलं?"

मी माझी यादी काढून दाखवली. विळे, तेलकागद, दोऱ्या. बाकी काही नाही.

पण गेलं होतं. हिराबाईने प्रत्येक खोक्यात माझं पत्रक घातलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून यादीतही नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाली, "तिकडल्या बायांना कोन सांगनार, कसं धरायचं ते? इळा द्यायचा आन् जीव कसा वाचवायचा ते न्हाई सांगायचं?"

बंदरावर कस्टमवाल्यांनी खोकं उघडलं. कागद म्हणत होता माती. पत्रक म्हणत होतं रोखून उभे राहा. माल अडकला आणि बोलावणं आलं, माझ्या नावाने. शस्त्रं खोट्या वर्णनाखाली बाहेर पाठवण्याचा प्रयत्न केल्याचा संशय. आमच्या शेडमध्ये चौदा बायका कामाला आहेत. निर्यातीचा परवाना गेला तर त्या घरी बसणार, हे कळत होतं. पण खरं सांगते, त्या आठवड्यात मला फक्त माझाच विचार सुचत होता. धरून नेतात म्हणजे कुठे नेतात? मुलीला काय सांगायचं? रोजच्या कामाची यादी करायला बसले तर हात चालेना.

शेठने सांगितलं होतं, "मातीवर ठाम ऱ्हायचं. दुसरं कायबी बोलायचं न्हाई." त्याने जीप दिली. पहाटे निघालो. लोणीच्या फाट्यावर ड्रायव्हरने एकदम ब्रेक मारला. रस्त्याच्या मधोमध गेनभाऊ उभे होते, गळ्याला मफलर, खांद्याला पिशवी. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते मागे बसले. बंदर येईपर्यंत त्यांच्या दातांचा आवाज मला पुढे ऐकू येत होता. थंडी तेवढी नव्हती.

कचेरीच्या दारात तपासणीचं यंत्र होतं. गेनभाऊ त्यातून गेले आणि ते ओरडायला लागलं. पिशवी काढली, तरी ओरडतंच. पहारेकऱ्याने मफलर काढायला लावला, आणि तो स्वतःच दोन पावलं मागे सरला. गेनभाऊंच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता. चामड्याचा, बाहेरून दोन बोटं लांब खिळे निघालेले. आमच्याकडे आता कितीतरी जण शेतात जाताना घालतात, बिबट्या गळा धरतो म्हणून. घरापासून फाट्यापर्यंत अंधारात चालत यायचं म्हणून गेनभाऊंनी तो घातला होता, आणि काढायचं विसरले होते.

"अरे देवा," ते पुटपुटले. "ऱ्हायलाच."

पट्ट्यासकट आम्हाला आत नेलं. टेबलामागे तरुण अधिकारी. टेबलावर आमचा विळा, त्यावर माझं पत्रक. पहारेकऱ्याने शेजारी तो पट्टा ठेवला. अधिकाऱ्याने तिन्ही वस्तूंकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"माती उकरण्यासाठी, असं कुणी लिहिलं?"

मी 'मी' म्हणाले. आणि आता मातीवर ठाम राहायचं, एवढंच डोक्यात होतं.

"ते खोटं हाय साहेब," गेनभाऊ म्हणाले.

अधिकाऱ्याने मान वर केली. "तुम्ही कोण?"

"मी नंबर लावनारा. टोक बिबट्यासाठी हाय. पत्रकात लिवलंय तेच खरं." त्यांनी पत्रक बाजूला सारून विळा अधिकाऱ्यापुढे सरकवला. "पन इळा इळाच हाय. ज्या कामासाठी वस्तू मुख्य घडवली त्यावर तिचा नंबर. कापून बघा. दिवसभर गवत कापतं हे. टोक लागतं ते वर्साकाठी एखाद्या बारी, लागू नये म्हनून देवाला हात जोडायचे. साहेब, ह्यो पट्टा बघा. खिळे हायत की न्हाई? ह्याला शस्त्र म्हनाल? ह्यो घालून मी कुनावर चालून गेलो? मी घराम्होरनं फाट्यापातुर आलो."

अधिकाऱ्याने पट्टा उचलला, एका खिळ्यावर बोट टेकवलं. मग विचारलं, "रोज घालता?"

"बाहेर पडतो तवा."

"आणि शेतात बाया?"

"त्याबी."

त्याने पट्टा परत टेबलावर ठेवला. मग स्वर कोरडा करून म्हणाला, "विळ्याचं बघू. पण वर्णन खोटं दिलं ते खोटंच. सही या बाईंची आहे."

"असं व्हनार हे मला ठावं व्हतं," गेनभाऊ म्हणाले. "टोकाचं मी सांगितलं, पन थांबवलं न्हाई. नंबर न लिवता मी एसटी गाठली. भांडून बसायला पायजे व्हतं. माझा जबाब घ्या. माझं नाव घाला."

"नाव घातलं की चौकशी तुमचीही. बोलावणी घरी येतील. किती दिवस चालेल सांगता येत नाही."

"यिऊ द्या."

जबाबावर सही करताना पेन दोनदा हातातून पडलं. दोन्ही वेळा त्यांनी वाकून स्वतःच उचललं, आणि सही करण्याआधी सगळा मजकूर पहिल्यापासून परत वाचला.

पुढचे महिने बोलावणी दोन पत्त्यांवर येत राहिली, एक राजुरीला, एक लोणीला. तीन वेळा आम्ही दोघं गेलो. शेवटी निकाल लागला: विळा शेतीचं अवजारच आहे, खोट्या वर्णनाचा दंड भरावा, टोकं कापून माल पाठवावा. हिराबाईने टोकं कापली जाताना बघितली आणि सगळी गोळा करून घरी नेली. तेवढ्या वेळात गेनभाऊंचे पाय सुजायला लागले होते. शेडवर येणं त्यांनी बंद केलं.

प्रकरण मिटल्याचा अखेरचा कागद आला, त्यावर आमची दोघांची नावं होती. फोनवर सांगायला मन होईना. एका दुपारी मी लोणीला गेले. गेनभाऊ दारापुढच्या सावलीत बायकोबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी अंगणात शिरले तेव्हा त्यांनी आधी मला बघितलं, हसले, आणि मग माझ्या हातातलं, बोलावणी यायची तसलंच सरकारी शिक्क्याचं पाकीट बघितलं. हसू गेलं. शेंगा मांडीवरून खाली सांडल्या. बायको घाबरून म्हणाली, "काय वो? काय झालं?" ते भिंतीला धरून उठले, शर्टाला हात पुसले आणि सुजलेल्या पायांनी माझ्यापर्यंत चालत आले.

"सगळं मिटलं, गेनभाऊ," हे माझ्या तोंडून निघण्याआधीच त्यांनी हात पुढे केला होता.

"द्या बाई," ते म्हणाले. "माझं असंल ते द्या."